मयेकरांचे दहा दिवस

शिबिराला आलेली बाकीची माणसं आधी आपली वळकटी टाकायला चांगला कोपरा शोधत. शांताराम मयेकर मात्र पखवाज खांद्यावरून न उतरवता थेट स्वयंपाकघरात जात आणि विचारत, "कणकेचा डबा खंय?"

चहा झाला का, जेवायला काय आहे, असलं त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. कणीक लागायची ती पखवाजासाठी. त्याच्या डाव्या तोंडावर दर बैठकीला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तो खर्जात बोलायला लागतो. स्वयंपाकाच्या बाई मळून द्यायला तयार असत, पण मयेकरांना ती पसंत पडत नसे. "पोळीची येगळी नि ही येगळी," असं म्हणत ते स्वतःच परात ओढून बसायचे. बैठक संपली की तीच कणीक खरवडून शाळेमागच्या कोंबड्यांना घालायचे. "ह्या कोंबड्या आता चौतालात चालतात बघ," असं एकदा म्हणाले होते. त्यांचा मला आठवणारा विनोद हा एवढाच.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत मालगुंडच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेत धृपदाचं दहा दिवसांचं निवासी शिबिर भरायचं. धृपद म्हणजे ख्यालाच्याही आधीची गायकी. तिला तबला चालत नाही, पखवाजच लागतो. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक अप्पा यांना या गाण्याचं वेड होतं, आणि सारं आयुष्य उत्तरेत काढलेले एक वृद्ध बुवा त्यांच्या शब्दाखातर तीन दिवसांचा प्रवास करून शिकवायला यायचे. आम्ही वीस-बावीस जण असू. कुणी मास्तर, कुणी पोस्टातले, दोघी-तिघी गृहिणी. बाकं भिंतीला लावून वर्गातच झोपायचं, विहिरीवर आंघोळ करायची आणि उजाडायच्या आत उठून खर्जाचा रियाज करायचा. मी रत्नागिरीला एका कचेरीत टंकलेखक होते. अठ्ठावीस वर्षांची, अविवाहित. वर्षातले हे दहा दिवस मला घरी कुणी 'कुठे चाललीस' म्हणून विचारत नसे, म्हणून जास्तच प्रिय होते.

मयेकर तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. काळेसावळे, काटकुळे, हात मात्र कोपरापासून पुढे दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे जाड. अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि त्या शर्टाला कितीही धुतला तरी न जाणारा अमोनियाचा उग्र वास. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचा कारखाना होता, तिथल्या यंत्राच्या खोलीत ते पंचवीस वर्षं कामाला होते. पखवाज त्यांना मामांनी शिकवला होता. मामा कुठल्याशा संस्थानात वाजवून म्हातारपणी गावी परतलेले. जिल्ह्यात भजनाला मृदंग वाजवणारे ढिगाने सापडत, पण बारा मात्रांचा चौताल नि चौदा मात्रांचा धमार सांभाळणारे हे एकटेच. अप्पांनी त्यांना एका देवळातल्या सप्ताहात ऐकलं आणि उचलून आणलं.

मे म्हणजे बंदरावर बर्फाची सगळ्यात ओढ असलेला महिना. पावसाळा लागून होड्या वर ओढायच्या आत जेवढी मासळी मिळेल तेवढी सगळ्यांना हवी असते. अशा वेळी दहा दिवसांची रजा मागितली की मालक चिडायचा. मयेकर वर्षभर एकही रजा न घेता मेमध्ये सगळी एकदम घेत. "वरीसभर बर्फ, धा दिवस पखवाज," ते म्हणायचे. पखवाजावर एकट्यानेही वाजवता येतं, मोठमोठे वादक तासन्‌तास वाजवतात, असं मी त्यांना एकदा म्हटलं होतं. ते म्हणाले, "एकट्यानं काय वाजवायचा? गाणारा फुडं असला तर त्याला काय तरी सांगायचा असता. एकट्यानं नुसता आवाज."

पहिल्या वर्षी आमचं जमलं नाही. माझी गायची पाळी आली तेव्हा मी पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन बसले होते आणि ताल मांडीवर, पदराखाली देत होते. इतक्या लोकांसमोर हात उंचावून टाळ्या द्यायची लाज वाटायची. दोन आवर्तनं झाली असतील, पखवाज थांबला.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"तिचा हात दिसत नाय."

"हात कशाला हवा? कान आहेत ना तुम्हाला?" मागून कुणीतरी म्हणालं आणि चार जण हसले.

मयेकर हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "हात दिसू दे तुजा, बाय. असा वर. टाळी पण दिसू दे नि खालीचा रिकामा हात पण."

धृपदात ताल हातावर धरायची रीतच आहे, तेव्हा बुवांनी त्यांचीच बाजू घेतली. मी पदर खोचला, पण मनातून रागावले. बाकीच्यांचंही त्यांच्याबद्दलचं मत साधारण माझ्यासारखंच होतं. जेवताना ते पंगतीच्या टोकाला बसत आणि खाली मान घालून जेवत. दुपारी आम्ही कैऱ्या फोडत गप्पा मारायचो, जुनी पदं म्हणायचो, तेव्हा ते पडवीत समुद्राकडे तोंड करून एकटेच बसलेले असत. कुणी मागून 'काय मयेकर' म्हणालं तर उत्तर द्यायचे नाहीत. माणूस चांगला वाजवतो पण माणूसघाणा आहे, असा शिक्का दोनच दिवसांत बसला. गाणाऱ्याची आलापी अर्धा-पाऊण तास चालायची. तेवढा वेळ पखवाजवाल्याला नुसतं बसून राहायचं असतं. तेव्हा मात्र ते हलायचे नाहीत. गाणाऱ्याच्या गळ्याकडे, घाटीच्या जागेकडे, डोळे लावून बसायचे.

आणखी एक सवय होती. बैठकीआधी पखवाज तानपुऱ्याशी जुळवताना ते तानपुरा वाजवणाऱ्यापुढे बसायचे, पुढे वाकायचे आणि तानपुऱ्याच्या भोपळ्यावर कपाळ टेकवायचे. बराच वेळ तसेच राहायचे. मग उठून हातोडीने पखवाजाचे लाकडी गट्टे ठोकायचे, परत कपाळ टेकवायचे. बुवांनी एकदा आमचा सगळा वर्ग थांबवून सांगितलं, "हे बघा. वाद्याला नमस्कार कसा करावा ते यांच्याकडून शिका. तुम्ही लोक नुसतं बोट लावून बोट कपाळाला लावता." मयेकर ओशाळे होऊन पखवाज पुसत राहिले. त्या दिवसापासून आम्ही सगळे तानपुऱ्यावर कपाळ टेकवायला लागलो.

शिबिरानंतर तीन महिन्यांनी बुवांनी एका जुन्या धमाराची चीज पोस्टाने पाठवली. एक प्रत माझी, एक मयेकरांची. अप्पांनी दोन्ही माझ्याकडे दिल्या, कारण मी रत्नागिरीतच राहायची. श्रावण होता, नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. होड्या पाण्यात जायच्या आधी कारखान्याचं यंत्र चालवून बघत होते. मी दारात उभी राहिले तर आत अशी घरघर होती की माझे दात वाजल्यासारखं झालं. मयेकर पाठमोरे उभे होते. हाका मारण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी थांबले. थोड्या वेळाने त्यांनी कळ दाबली, यंत्र धापा टाकत थांबलं. बाहेर बंदरावर कावळे ओरडत होते तेही ऐकू यायला लागले.

"मयेकरकाका," मी हाक मारली.

ते तसेच उभे.

मी आणखी मोठ्याने मारली. मग दोन पावलं आत जाऊन पुन्हा मारली. ते शांतपणे चिंधीने हात पुसत होते. वळल्यावर मी दिसले तसे एकदम दचकले, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं समजलं.

"कितीदा हाक मारलीस?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

त्यांनी बाकावरची किटली बाजूला केली आणि मला बसायला सांगितलं. "डावा कान गेला त्याला सात वर्षां झाली. उजवा आता चाललाय. समोर ऱ्हाऊन सावकाश बोललीस तर कळता. मागून नाय." मग म्हणाले, "अप्पांना सांगू नको. बुवांना पण नको."

मी विचारलं, "मग वाजवता कसे?"

"हात बघतंय. गळा बघतंय. आवाज वर जातो तवा गळा वर जातो, खाली येतो तवा खाली. तानपुरा कपाळाच्या हाडातून येता." असं म्हणून त्यांनी दोन बोटांनी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. "बुवा बोलले नमस्कार. काय सांगणार त्यांना?"

मी चिजेचा कागद पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "म्हणून दाखवतेस?"

ते जाळ्यांच्या एका गोदामाच्या माडीवर राहायचे. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर बायकोचा फोटो. ती जाऊन अकरा वर्षं झालेली. मुलगा मुंबईला भांडुपच्या बाजूला राहायचा, नोकरी करायचा, दिवाळीला कधी यायचा कधी नाही. माडीची जमीन लाकडी फळ्यांची होती. मयेकर पखवाज घेऊन बसले आणि म्हणाले, "ताल हातावर नको देऊ. हात खाली आपट, फळीवर." मी फळीवर ताल देत गायला लागले आणि त्यांचा चेहराच बदलला. माझ्याकडे बघायची त्यांना गरज उरली नाही. फळीतून प्रत्येक मात्रा त्यांच्या अंगात पोचत होती. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना डोळे मिटून वाजवताना प्रथमच पाहत होते. दीड-दोन तास आम्ही तो एकच धमार म्हणत होतो. खाली जाळी विणणाऱ्या बायका जिन्यापाशी येऊन बघून जात होत्या.

निघताना ते म्हणाले, "परत ये ना एकदा, बाय. जाळी पाण्यात गेली की मला येळ मिळायचा नाय. त्याच्या आत ये."

"येते," मी म्हटलं.

गेले नाही. मिरकरवाड्यातल्या एका माडीवर मी गाणं म्हणत होते ही बातमी दोन दिवसांत माझ्या घरी पोचली होती. भाऊ ओरडला वगैरे नाही. जेवता जेवता त्याने एवढंच विचारलं, "तिथे काय काम होतं?" मी म्हटलं, कागद द्यायचा होता. पुन्हा जायला कागद नव्हता.

पुढच्या मे महिन्यात मी एवढं केलं, की शिबिराच्या आदल्या दिवशीच शाळेत पोचले आणि गॅदरिंगच्या स्टेजच्या ज्या फळ्या मागे पडल्या होत्या त्या गाण्याच्या वर्गात अंथरून घ्यायला अप्पांना सांगितलं.

"कशाला गं?" अप्पा म्हणाले.

"जमिनीची ओल चढते, अप्पा. तानपुऱ्यांना बरी नाही."

मे महिन्यात कसली ओल, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण तानपुरा म्हटल्यावर ते काहीही करायला तयार असत. मयेकर आले, कणीक मळून वर्गात शिरले आणि पाय फळीवर पडताच थबकले. खाली बघितलं, मग खोलीभर नजर फिरवून मला शोधलं. त्या वर्षी मी सगळ्यांना सांगत सुटले होते की ताल जमिनीवर दिला की लय पक्की होते, आणि नवखे लोक ऐकत होते. दहा दिवस वर्गात सगळे फळ्यांवर थापा मारत गात होते.

शेवटच्या दिवशी बुवा स्वतः गायला बसले. तासभर धमार चालला. बुवांनी लयीशी इतकी झटापट केली की आम्हाला सम कुठे येणार ते कळेना. मयेकर मात्र प्रत्येक वेळी तिथे आधीच जाऊन उभे असल्यासारखे भेटत होते. गाणं संपल्यावर बुवा घाम पुसत म्हणाले, "मयेकर, आज तुम्ही पुढे होतात. मी तुमच्या मागून येत होतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मयेकरांनी सगळ्यांना हात जोडले. संध्याकाळी पडवीत मला गाठून त्यांनी विचारलं, "बुवा काय बोलले?"

मी समोर उभी राहून सावकाश सांगितलं.

"काय?"

मी परत सांगितलं. त्यांच्या डोळ्यांकडे बघताना माझ्या लक्षात आलं, पहिल्या वेळीच त्यांना कळलं होतं.

तिसऱ्या वर्षी ते आले तेव्हा उजवा कानही जवळजवळ गेला होता. समोरून बोललेलं ओठांवरून समजून घ्यायचे. दहा दिवस कसे तरी निभावले. शेवटच्या संध्याकाळी अप्पांनी बाहेरून एक पाहुणे गायक बोलावले होते. त्यांचं नाव झालेलं होतं, म्हणून गावातली आणि आजूबाजूची माणसंही आली. वर्गात मावेनात, तेव्हा बैठक शाळेच्या अंगणात घेतली. सारवलेल्या जमिनीवर सतरंज्या टाकल्या. फळ्या उचलून बाहेर आणायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी पन्नास माणसांसमोर कारण काय सांगितलं असतं ते माहीत नाही.

पाहुण्यांची सवय होती स्वतःच तानपुरा छेडत गाण्याची. त्यामुळे त्यांचे दोन्ही हात अडकलेले. डोळे मिटलेले. गळ्याभोवती रेशमी उपरणं. मयेकरांनी पखवाज पुढे घेतला आणि ते या सगळ्याकडे बघत राहिले. आलाप संपून चीज सुरू झाली. पहिली काही आवर्तनं त्यांनी ठेका नीट धरला. मग पाहुण्यांनी चीज दुपटीत घेतली आणि समेवर पखवाजाची थाप एक मात्रा मागे पडली. पुढच्या समेला दोन. लोकांच्या ते लक्षात आलं नसेल, आमच्या आलं.

मी त्यांच्या समोरच, दुसऱ्या रांगेत बसले होते. मला हात वर करून ताल दाखवता आला असता. माझा हात मांडीवर होता. पाहुण्यांना तो अपमान वाटेल, अप्पा काय म्हणतील, लोक बघतील, असे विचार करण्यात दोन आवर्तनं गेली. मयेकरांची नजर समोरच्या चेहऱ्यांवरून फिरत होती. शेवटी मी हात उचलला आणि पहिली टाळी दिली, तेवढ्यात पाहुण्यांनी डोळे उघडले.

"पखवाज थांबवा," ते म्हणाले. रागावून नाही, साध्या आवाजात. आणि पुढे गात राहिले.

मयेकरांना शब्द ऐकू आले नसणार, पण ओठ दिसले. त्यांनी दोन्ही हात पखवाजाच्या दोन्ही तोंडांवर ठेवले आणि गाणं संपेपर्यंत, जवळजवळ तासभर, ते तसेच ताठ बसून राहिले. उठून जाता आलं असतं. ते उठले नाहीत. त्या रात्री मी अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा म्हणाले, "आधी सांगायचं नाहीस का गं?"

पुढचं आधीच सांगून टाकते. त्यानंतर शिबिर आणखी दोन वर्षं भरलं, साथीला कोल्हापूरचा एक तरुण पखवाजवाला यायला लागला. मयेकरांना अप्पांनी नुसतं ऐकायला या म्हणून पत्र लिहिलं. 'ऐकायला' हा शब्द लिहून गेल्यावर त्यांना चूक कळली. ते बिचारे पुष्कळ दिवस हळहळत होते. पत्राला उत्तर आलं नाही. गणपतीच्या दिवसांत मी धीर करून मिरकरवाड्यात गेले तर माडीला कुलूप होतं. खाली जाळी विणणाऱ्या बाईने सांगितलं, मुलगा येऊन मुंबईला घेऊन गेला, सामान फारसं नव्हतंच. पत्ता तिला ठाऊक नव्हता. कारखान्यातही नव्हता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळे दुपारच्या गाडीने जाणार होते, ते सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. मी त्यांच्याबरोबर थांब्यावर गेले. आंब्याच्या पेट्यांशेजारी आम्ही उभे राहिलो. तेच आधी म्हणाले, "तू हात वर केलास तो मी बघितला."

"उशीर केला मी," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं.

"नाय गो. त्याची लय केव्हाच फुडं गेली व्हती." मग त्यांनी विचारलं, "मी थांबल्यावर काय काय गायला तो?"

मी सांगायला लागले. आधी कोणता राग, मग कोणती चीज, अंतऱ्यात आवाज कुठपर्यंत गेला, लोकांनी कुठे दाद दिली. ते माझ्या ओठांवरची नजर न हलवता ऐकत होते, मध्येच मान डोलावत होते. "बरा गायला मग," शेवटी म्हणाले. त्यात कडूपणा नव्हता. एसटी आली. मी म्हटलं, "पावसाळ्यात येते हं मी." ते म्हणाले, "ये."

गाडीत गर्दी होती. त्यांनी पखवाज आधी आत दिला, मग स्वतः चढले. कुणीतरी सरकून त्यांना खिडकीशी जागा करून दिली. गाडी सुरू झाली तेव्हा कंडक्टर त्यांच्यापाशी पोचला होता आणि काहीतरी विचारत होता. मयेकर त्याच्याकडे बघून हसत होते आणि मान हलवत होते. त्याने पुन्हा विचारलं. ते पुन्हा हसले आणि पुन्हा मान हलवली. मग गाडी वळणावर गेली.